सही राहिलीय, मॅडम!

पहाटेची कंपनीची बस आणि नगर रोड, हे कॉम्बिनेशन ज्यांनी भोगलंय त्यांना वेगळं सांगायला नको. वाघोलीपर्यंत डुलकी, रांजणगावला महागणपतीला बसमधूनच नमस्कार, की आलीच एमआयडीसी. मी एचआरमध्ये आहे. म्हणजे लोकांना ‘कमिटमेंट’ शिकवायचा पगार घेते!

मध्यंतरी बॉसला कामगारांच्या ‘ॲटिट्यूड’वर प्रेझेंटेशन हवं होतं. मॅक्स वेबरची प्रॉटेस्टंट कार्यनिष्ठा एमबीएला घोटून झालेली. शोधताना तिची चुलतबहीण सापडली, इस्लामी कार्यनिष्ठा. अब्बास अली नावाच्या प्राध्यापकांनी १९८८ मध्ये ती मोजायची प्रश्नावलीच बनवलीय. पुढे २००१ मध्ये अमिरातीतल्या एका अभ्यासात दिसलं, की तिच्यात जास्त गुण मिळवणारे लोक नोकरीत जास्त समाधानी आणि कंपनीला जास्त धरून असतात. बॉस खूश. फुकटात निष्ठा कुणाला नको?

मला मात्र आमचे भाई आठवले. कॉन्ट्रॅक्टरकडचे लाइन सुपरवायझर, वय पन्नाशीचं. घर दौंडला, खोली शिरूरला. दर शनिवारी न्हावरा-चौफुला रस्त्यानं मोटरसायकलवर घरी. शुक्रवारी नमाजाला अर्धा तास जातात आणि शिफ्ट संपल्यावर अर्धा तास थांबतात. न सांगता.

एकदा रात्रपाळीत तासाभराची रीडिंग्ज राहिली. सकाळी ऑडिट. इंजिनिअर म्हणाला, अंदाजानं भरून टाका. भाईंनी रकाने रिकामे ठेवले आणि खाली लिहिलं, ‘घेतली नाहीत.’ केवढा गोंधळ झाला! मी विचारलं तर म्हणाले, ‘‘मॅडम, मापात पाप नको. वजनात मारणारा दुकानदार आणि न घेतलेलं रीडिंग लिहिणारा मी, फरक काय?’’ मापात मारणाऱ्यांवर कुराणात एक अख्खी सूरा आहे, ८३वी, हेही त्यांनीच सांगितलं.

‘‘म्हणजे तुमच्यात हे असतंच ना?’’ मी. (हो, विचारलं मी असं. हसू नका.)

भाई हसले. ‘‘लाइनवर आम्ही पाच मुसलमान. त्यातले दोघं दिवसभर मोबाइलवर! एकाला मीच लेट मार्क दिलाय. आणि मला हे वडिलांनी शिकवलं. ते दौंडला रेल्वेत फिटर. त्यांना ज्यानं घडवलं तो फोरमन माळकरी होता.’’

तरी मी उत्साहात लॅपटॉप उघडून सगळ्या स्लाइड्स दाखवल्या. कष्ट, वक्तशीरपणा, निष्ठा. भाईंनी शांतपणे पाहिलं आणि विचारलं, ‘‘यात मालकाचं काय आहे?’’

‘‘मालकाचं?’’

‘‘मजुराची मजुरी त्याचा घाम वाळायच्या आत द्यावी, अशी पैगंबरांची शिकवण आहे. ते कुठंय?’’

खरं सांगू? मूळ प्रश्नावलीत कामाच्या ठिकाणी न्याय आणि औदार्य हवं, अशा अर्थाचं एक विधान आहे. मीच ते गाळलं होतं. स्लाइडवर जागा नव्हती... आणि बॉसला ते नकोच असणार, हेही माहीत होतं.

‘‘पोरांची मागच्या महिन्याची ओव्हरटाइमची शीट तुमच्याकडे आहे मॅडम. सही राहिलीय.’’

आवाज चढवला नाही, काही नाही. रीडिंग सांगावं तसं सांगितलं.

शीट ट्रेमध्ये होती, तीन फाइलींखाली. एकोणीस दिवस! बावीस पोरांची नावं. माझी सही नाही म्हणून कॉन्ट्रॅक्टरचं बिल नाही, बिल नाही म्हणून पैसे नाहीत. त्यातल्या एकानं त्याच आठवड्यात रजेचा अर्ज दिला होता आणि परत घेतला होता. गावी जायला गाडीभाडं नव्हतं, हे मला नंतर कळलं. त्याला मी ‘रजेबाबत अनिश्चित’ असा शेरा मारला होता. पगार वेळेत देण्याचं कायदेशीर बंधन आपल्याकडे १९३६ पासूनचं, तेही मीच इंडक्शनमध्ये शिकवते.

सही केली. पैसे पुढच्या बुधवारी जमा झाले. त्या शनिवारी पोरं रिकाम्या हातानंच घरी गेली.

गाळलेलं विधान आता स्लाइड नंबर चारवर आहे. बॉसचा मेल आलाय, ‘हे इथे आवश्यक आहे का?’ उत्तर टाइप करून ठेवलंय. अजून पाठवलेलं नाही.