दोन दारे, चार दारे

नवी मर्सिडीज ई-क्लास बरी की जुनी हेराल्ड कूपे? हा वाद करमाळ्याच्या पेठेत आणूनच सोडवावा.

हेराल्ड १९५९ साली इंग्लंडात कूपे नि सलून अशा दोन्ही रूपांत आली. मद्रासला १९६१ पासून बनू लागली ती सलून, पण तीही आरंभी दोन दारांचीच. पंचवीस फुटांत वळे. बॉनेट मडगार्डांसकट उचलले, की मिस्त्रीने चाकावर बसून काम करावे! चाकणला जुळणी होणाऱ्या ई-क्लासच्या पुढच्या-मागच्या चाकांतले अंतरच तीन मीटरांहून अधिक. मालकाने मागे पाय पसरून बसावे, हीच तिची योजना. बॉनेट उघडावे तर झाकणाखाली आणखी झाकण. गावचा मिस्त्री हात जोडतो.

म्हणजे हेराल्ड जिंकली? थांबा. उसाच्या हंगामात, रात्री टेंभुर्णीच्या रस्त्यावर दिव्याविना उभी असलेली ट्रॉली एकाएकी पुढ्यात येते. तेव्हा आपण होऊन ब्रेक लावणारी, एअरबॅग फुगवणारी गाडीच अधिक भरवशाची. हेराल्डपाशी यातले काहीच नाही.

तेव्हा दिवसाउजेडी कमलाभवानीच्या दर्शनाला हेराल्ड खुशाल काढावी. रात्री लेकराबाळांना घेऊन निघायचे, तर हौस घरी ठेवावी. आणि ट्रॉलीवाल्याने मागे एक लाल दिवा लावावा. तो दोन्ही गाड्यांहून स्वस्त!