तांब्याचे बूड

चित्रकलेच्या तासाला टेबलावर तांब्या ठेवला की बरीचशी मुले त्याचे तोंड बदामासारखे, दोन्हीकडे टोकदार काढतात आणि बूड पट्टीने आखल्यासारखे सरळ. बूड सरळ का? टेबल सपाट आहे हे त्यांना ठाऊक असते म्हणून. डोळ्याच्या पातळीखाली ठेवलेल्या तांब्याचे तोंड दिसते लंबगोल, त्याला टोक कुठेच नसते. आणि बुडाची कड तोंडापेक्षाही जास्त वळलेली दिसते. सांगायला पाच मिनिटे लागतात, हाताला कळायला दोन महिने.

गळती होते ती याच दोन महिन्यांत. ‘आधी बरे काढायचो, आता बिघडतेच आहे,’ अशी तक्रार सुरू होते. आधीचे चित्रही बिघडलेलेच होते, फक्त ते दिसत नव्हते. डोळा दोन पावले पुढे गेला आणि हात मागे राहिला. नवशिक्याला हे त्याच आठवड्यात कुणीतरी सांगायला हवे.

सांगणार कोण? 2009च्या शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीचा पट शंभराच्या वर असेल तरच कलेसाठी अर्धवेळ निदेशकाची तरतूद आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या वाड्या-तांड्यांवरच्या शाळांनी एवढी मुले आणायची कुठून? मग उरते ती कला संचालनालयाची ग्रेड परीक्षा. आधी एलिमेंटरी, पुढे इंटरमिजिएट; इंटरमिजिएटला ए श्रेणी मिळाली तर दहावीला 7 गुण, बीला 5, सीला 3. या गुणांना नाक मुरडण्याचे कारण नाही. कित्येक घरांत रंगपेटी आली ती त्यांच्यामुळेच. पण गुणांसाठीची चिकाटी गुणांपुरतीच टिकते. स्मरणचित्राचा विषयच पाहा. पाहिलेले आठवून काढायचे, ही त्यामागची कल्पना. प्रत्यक्षात अनेकदा पाठ केला जातो सरांनी फळ्यावर काढून दिलेला बाजार. मुलगा दर रविवारी आईबरोबर बाजाराला जातो, पण चित्रातली भाजीवाली सरांचीच! दहावीचा निकाल लागला की पॅड माळ्यावर.

त्यापेक्षा शेळी बरी. उस्मानाबादी शेळी, बहुधा काळीभोर, लोंबत्या कानांची, जिल्ह्यात पावलोपावली भेटते आणि क्षणभर स्थिर उभी राहत नाही. मान काढेपर्यंत ती बाभळीकडे वळलेली असते. म्हणून एका पानावर दहा अर्धवट शेळ्या काढायच्या: इथे पाठीची रेघ, तिथे नुसता कान. पूर्ण करायचेच नसल्यामुळे बिघडण्याची भीती राहत नाही. रवंथ करायला बसली की दोन मिनिटे जास्त मिळतात, तेवढ्यात पोटाचा घेर पकडायचा. ज्याला हलता विषय झेपत नाही त्याने तेरला जावे. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात प्राचीन मडकी आणि मातीच्या मूर्ती आहेत, आणि ती कुठेही पळून जात नाहीत.

वय उलटून गेले म्हणणाऱ्यांसाठी व्हिन्सेंट व्हॅन गॉगचे उदाहरण आहे. 1880 साली, सत्ताविसाव्या वर्षी त्याने चित्रकार व्हायचे ठरवले आणि शार्ल बार्ग या फ्रेंच चित्रकाराच्या सरावमालिकेतली 60 चित्रे पुन्हा पुन्हा गिरवत बसला. पुढे 1890मध्ये, मृत्यूच्या वर्षीही त्याने त्याच मालिकेवरून हात चालवला. सूर्यफुले तोवर काढून झाली होती.

आपल्याकडे मात्र बिघडलेले पान टराटरा फाडायची रीत आहे. ती मोडली तर मोजमाप आपोआप हाती येते. मृगात काढलेल्या तांब्याच्या मागे तारीख घालून पान गादीखाली ठेवावे. दिवाळीच्या सुट्टीत तोच तांब्या त्याच जागी ठेवून पुन्हा काढावा आणि दोन्ही पाने आईपुढे धरावीत. तिचा हात त्या तांब्यावरून रोज फिरतो. कोणत्या पानावरच्या तांब्यात पाणी ठरेल, हे ती चुलीपुढून न उठता सांगेल.