वाइडवाल्यांची विशाल दृष्टी

लँडस्केपसाठी कुठली लेन्स घ्यावी, या प्रश्नाचा निकाल एका जाणकारांनी नुकताच लावून टाकला. निसर्ग विशाल, म्हणून लेन्स वाइड. डोळ्यांना दिसतं ते सगळं फ्रेममध्ये आलंच पाहिजे. १४-२४, तीही एफ २.८, आणि मागे फुल फ्रेम बॉडी. टेली पक्षीवाल्यांनी वापरावी. हे ज्याला परवडत नाही त्याने काय करायचं, ते सांगायचं राहून गेलं. बहुधा पोस्टकार्डं विकत घ्यायची.

एफ २.८ चं आधी उरकतो. ट्रायपॉड लावून एफ ८ किंवा ११ वरच फोटो काढायचा, तर त्या अ‍ॅपर्चरचे पैसे आणि वजन कशासाठी? रात्री आकाशगंगा टिपणाऱ्यांनी खुशाल घ्यावी. फुल फ्रेमचं म्हणाल, तर भिंतीवरचा प्रिंट लांबून पाहून सेन्सर ओळखणारा मला अजून भेटायचाय.

आता ते ‘सगळं’. राजगडाच्या संजीवनी माचीवरून तोरणा बघताना आपण तोरणाच बघतो. बाकीचं नजर परस्पर गाळून टाकते. १४ मिमीची लेन्स काही गाळत नाही. ती आडवा १०४ अंशांचा पट्टा उचलते. त्यात पायाखालचा कातळ येतो, वरचं रिकामं आभाळ येतं, कोणाची तरी लाल सॅक येते आणि मधे कुठेतरी तोरणा. २०० मिमीने दिसतो त्याच्या चौदा पट बुटका! बुधला माची दाखवायला मग बोट लावावं लागतं.

यावर ठरलेलं उत्तर येतं: ‘पण वाइडने डेप्थ येते.’ लेन्सने येत नाही. पर्स्पेक्टिव्ह ठरतो तो तुम्ही कुठे उभे आहात त्यावरून. एखाद्या धोंड्याला हातभर अंतरावर जाऊन चिकटलात की तो अवाढव्य दिसतो आणि मागचा डोंगर टेकडी होतो. ही डेप्थ! म्हणून या मंडळींच्या प्रत्येक फोटोत पुढे एक धोंडा असतो. कासला धोंड्याऐवजी फुलं. सीतेची आसवं भरात असताना तिथे बघा: एक फूल लेन्सला भिडवायचं म्हणून गुडघे टेकलेले, कोपरं रोवलेली, आणि त्याखाली बाकीची फुलं. पायवाटेवरून २०० मिमी लावली तर तोच जांभळा रंग दाट, थरावर थर बसतो आणि एकही फूल चिरडत नाही. पण मग निसर्गप्रेम दिसत नाही ना.

याच थाटाची माणसं पूर्वी झूमला आळशीपणा म्हणायची. फिक्स लेन्स घ्या, पाय चालवा! कोकणकड्याच्या टोकावर उभं राहून पाय कुठे चालवायचे, हे तेव्हाही कोणी सांगितलं नाही. नंतर फिल्टर म्हणजे लबाडी ठरली. आता तेच वाइडवर पोलरायझर चढवतात आणि आभाळात मधोमध काळपट डाग पडला की लेन्स बदलायच्या गोष्टी करतात.

अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांनी १९६० मध्ये योसेमिटीत हाफ डोमवरचा चंद्र टिपला तो हॅसलब्लाडवर २५० मिमीची लेन्स लावून. पक्षी नव्हता तिथे.

तर काय घ्यावं? किटची १८-५५ आहे ती राहू द्या, जोडीला साधी ७०-३०० घ्या. हिवाळ्यात सकाळी हरिश्चंद्रगडावरून धुरकट उजेडात डोंगररांगा एकीमागे एक फिकट होत जातात. त्या हिनेच धरता येतात. वारा असेल तर ट्रायपॉड हलतो, आणि दुपारी तापलेली हवा लांबचे कडे लिबलिबीत करते, तेव्हा सकाळीच जा. सांदण दरीसारख्या चिंचोळ्या जागी वाइड लागते, हे कबूल. तेवढ्यापुरती ती भाड्याने मिळते.