दडलेला विषाणू आणि जनावरांचा ताण

लहानपणी कांजिण्या झालेल्या माणसाला उतारवयात नागीण होऊ शकते. तिचा विषाणू बाहेरून नव्याने येत नाही. तो चेतातंतूंच्या मुळाशी वर्षानुवर्षे दडून बसलेला असतो. याच हर्पिस कुळातला एक विषाणू गुरांमध्ये ‘आयबीआर’ हा आजार घडवतो. ताप येतो, नाक-डोळे वाहतात, दूध घटते, गाभण गाय गाभडते. माणसाला हा आजार होत नाही. पण गोपालकाचे कंबरडे मोडते.

जनावर बरे झाले तरी विषाणू जात नाही. चेहऱ्याच्या संवेदना वाहणाऱ्या चेतातंतूंच्या गाठीत तो जन्मभर मुक्काम ठोकतो. त्याची जनुके ठरलेल्या क्रमाने चालू होतात. आधी पहिल्या फळीतली मोजकी जनुके, त्यांच्या प्रथिनांच्या जोरावर पुढची आणि शेवटी विषाणूचे कवच घडवणारी. सुप्तावस्थेत ही पहिली फळीच गप्प असते.

तिला जागे करतो तो ताण. लांबचा प्रवास, उपासमार, दाटीवाटी यांमुळे जनावराच्या रक्तात कॉर्टिसॉल वाढते. ते पेशीतल्या ज्या प्रथिनाला चिकटते, ते प्रथिन केंद्रकात जाऊन थेट विषाणूच्या पहिल्या फळीच्या कळीवर बसते. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइडही हेच करते. प्रयोगात वासरांमधला सुप्त विषाणू जागा करायला तेच वापरतात.

म्हणूनच आयबीआरचा बंदोबस्त केवळ लशीवर सोडून चालणार नाही. लस आजार सौम्य करते, दडलेल्या विषाणूला हुसकावत नाही. जर्मनीने बाधित जनावरे शोधून कळपातून काढली आणि २०१७ मध्ये देश रोगमुक्त झाला. महाराष्ट्रात गाय अशी काढून टाकणे ना शेतकऱ्याला परवडते, ना कायद्यात बसते. मग विषाणूला जागे न करणे आणि पसरू न देणे, हेच हाती उरते.

त्यासाठी बाजारातून आणलेल्या जनावराची रक्तचाचणी व्हावी आणि त्याला काही आठवडे वेगळे बांधावे. वाहतुकीत पाणी, सावली आणि विसावा मिळावा. स्टेरॉइडचे इंजेक्शन पशुवैद्यकाच्या सल्ल्याशिवाय टोचू नये. गाभण जनावराला तर नाहीच, कारण त्याने गर्भही पडू शकतो. जनावराला विसावा देणे ही केवळ भूतदया नाही, तो रोगनियंत्रणाचा भाग आहे. पशुसंवर्धनाच्या योजनांत लशीइतकेच स्थान त्यालाही मिळायला हवे.