मुंबई ते वाराणसी : अंतर एक, वेळा अनेक

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज विमानतळापासून वाराणसीच्या बाबतपूर येथील लालबहादूर शास्त्री विमानतळापर्यंतचे हवाई अंतर सुमारे १,२५० किलोमीटर आहे. त्याला ताशी ८०० किलोमीटर वेगाने भागले की साधारण ९४ मिनिटे येतात. कित्येक संकेतस्थळे हाच आकडा ‘प्रवासाचा वेळ’ म्हणून छापतात. विमान कंपन्यांची वेळापत्रके मात्र दोन तासांच्या पुढे जातात. येथे भागाकार चुकलेला नाही; गृहीतके दडवली गेली आहेत. विज्ञानविषयक लेखनात हा दोष क्षुल्लक मानता येणार नाही.

मुळात अंतराचा आकडाही नकाशावर पट्टी ठेवून मिळत नाही. तो पृथ्वीच्या गोलावरील बृहद्वृत्ताच्या कंसाचा असतो आणि गोलीय त्रिकोणमितीने काढावा लागतो. काशीला हे गणित परके नाही. तेथील संस्कृत महाविद्यालयात एकोणिसाव्या शतकात गणित शिकवणारे बापूदेव शास्त्री मराठी होते. त्यांचे ‘सूर्यसिद्धान्ता’चे इंग्रजी भाषांतर १८६१ साली प्रसिद्ध झाले. भारतीय ज्योतिषातील ‘देशांतर’ संस्कार म्हणजे रेखांशभेदामुळे पडणाऱ्या वेळेच्या फरकाचाच हिशेब होय.

मुंबई आणि वाराणसी यांच्या रेखांशांत जवळजवळ १० अंशांचा फरक आहे. दर अंशाला चार मिनिटे धरली, तर सूर्य मुंबईच्या मध्यान्हवृत्तावर वाराणसीनंतर ४० मिनिटांनी येतो. भारतीय प्रमाणवेळेचे ८२.५ अंश रेखावृत्त वाराणसीजवळच्या मिर्झापूरपाशी जाते. मुंबईची स्वतंत्र वेळ १९५५ पर्यंत वापरात होती आणि ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असे. ती आजही चालू असती, तर केवळ घड्याळे पाहणाऱ्यास जाण्याचा प्रवास ३९ मिनिटांनी लांब आणि येण्याचा तेवढाच आखूड भासला असता.

प्रत्यक्षात हिवाळ्यात उलट घडते. उत्तर भारतावर उंचावरून वाहणारे पश्चिमी वारे जाणाऱ्या विमानास साथ देतात आणि परतणाऱ्यास अडवतात. वाऱ्याचा परिणाम ताशी ८० किलोमीटर धरला, तर तेच अंतर जाताना ८५ मिनिटांत आणि येताना १०४ मिनिटांत कापले जाईल. धावपट्टीपर्यंतची वाटचाल, चढण, उतरण आणि उतरण्यासाठीची प्रतीक्षा यांची मिनिटे त्यात वेगळी मिळवावी लागतात. डिसेंबर-जानेवारीत गंगेच्या मैदानातील दाट धुके तर कोणत्याही सूत्रास जुमानत नाही.

काशी हिंदू विद्यापीठात सकाळी मुलाखत असलेल्या विद्यार्थ्याने ९४ मिनिटांवर विसंबून त्याच पहाटेचे तिकीट काढले, तर त्याची संधी हुकू शकते. बाबतपूर शहरापासून सुमारे २५ किलोमीटर दूर, वायव्येला. विद्यापीठ शहराच्या दक्षिण टोकाला. हा रस्ता त्या आकड्यात कोठेच नसतो.

म्हणून आकडा देणाऱ्याने त्याच्यासोबत वेग, वारा आणि मोजणीचा आरंभ-शेवट सांगणे हे त्याचे कर्तव्यच ठरते. वाचणाऱ्यानेही ‘किती?’ या प्रश्नापाठोपाठ ‘काय धरून?’ हे विचारण्याची सवय लावून घ्यावी. वैज्ञानिक दृष्टीचा आरंभ याच दुसऱ्या प्रश्नापासून होतो.