भिंतीवरची तलवार आणि हातातली तलवार

खोटी तलवार कशी निवडावी, हा प्रश्न मराठीच्या अध्यापकाने लेखासाठी घ्यावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. त्यातही ती तलवार शिवकाळातली नाही, पेशवाईतली नाही. ती विज्ञानपटातली, प्रकाशाच्या पात्याची. 'स्टार वॉर्स' या चित्रपटाने १९७७ मध्ये जगाला दिलेली लाइटसेबर. चंद्रपूर-गडचिरोलीसारख्या जंगलपट्ट्यातही आता घरपोच पार्सले येतात आणि त्यांतून या तलवारीच्या प्रतिकृती येतात. आमच्या वर्गातल्या एका मुलाने अशी एक मागवण्यापूर्वी कित्येक आठवडे चौकशी केली. घरच्यांना तो पोरकटपणा वाटला. प्रस्तुत लेखकाला मात्र त्या चौकशीत एक शिस्त दिसली. आणि आपल्या खऱ्या, ऐतिहासिक तलवारींविषयी बोलताना हीच शिस्त आपण पाळत नाही, असे वाटू लागले. त्या विसंगतीविषयी हे चार शब्द.

या विषयातले जाणकार नवख्याला पहिला प्रश्न विचारतात तो असा : तलवार भिंतीवर लावायची आहे की हातात घेऊन खेळायची आहे? याचे उत्तर ठरल्याशिवाय पुढची चर्चाच होत नाही. संग्रहासाठी घ्यायची असेल, तर मूठ पडद्यावरच्या मुठीशी किती जुळते, हे महत्त्वाचे. पात्याच्या पोकळ नळीत टोकापर्यंत बारीक दिव्यांची माळ असलेली तलवार दिसायला देखणी. मुठीतून प्रकाश वर सरकत जातो, तो अगदी पडद्यावरच्यासारखा. परंतु जोरदार प्रहारांनी ती माळ निकामी होण्याचा धोका असतो. खेळायचे असेल, तर दिवा मुठीत असलेली आणि पाते नुसती जाड पॉलिकार्बोनेटची नळी असलेली तलवार बरी. नळी फुटली तर बदलता येते. मूठ ॲल्युमिनियमची, फार नक्षी नसलेली, हाताला न बोचणारी असावी. देखणेपण आणि टिकाऊपण दोन्ही पूर्णांशाने एकाच वस्तूत मिळत नाहीत. एकाकडे झुकावेच लागते.

हा खेळ निव्वळ पोरखेळ राहिलेला नाही. फ्रान्सच्या तलवारबाजी महासंघाने या प्रकाराला रीतसर मान्यता दिली, ही बातमी २०१९ च्या आरंभी जगभर पसरली. त्यांचे नियम पाहण्यासारखे आहेत. डोक्याला किंवा धडाला स्पर्श झाला तर ५ गुण, हातापायाला ३, पंजाला १. आधी १५ गुण मिळवील तो विजयी. तसे न झाल्यास तीन मिनिटांनंतर ज्याचे गुण अधिक तो. शिवाय प्रहारापूर्वी तलवारीचे टोक मागे न्यावे लागते, म्हणजे वार मोठा आणि प्रेक्षकाला दिसेल असा होतो. कल्पितातून आलेल्या शस्त्राला माणसांनी व्याकरण दिले, ते असे.

आता मूळ वस्तूकडे पाहू. पहिल्या चित्रपटात नायकाच्या हाती जी मूठ होती, ती मुळात ग्राफ्लेक्स कंपनीच्या जुन्या वृत्तपत्री कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा दांडा होती. भंगारात जाण्याच्या लायकीची वस्तू निवडून तिला काही तुकडे चिकटवले आणि तलवार झाली. पुढे संग्राहक त्या जुन्या दांड्यांच्याच मागे लागले. म्हणजे येथे 'अस्सल' म्हणून जे आहे, तेही नाटकी सामानच. तरीही (किंवा म्हणूनच) प्रतिकृती घेणारा स्वतःला फसवत नाही. आपल्या हातातली वस्तू नक्कल आहे, ती कशाची नक्कल आहे आणि कोणत्या कामाची आहे, हे त्याला ठाऊक असते.

आता हाच प्रश्न इतिहासातल्या तलवारीला विचारू. उदाहरण आमच्याच परिसराशी निगडित आहे. नागपूरकर भोसल्यांच्या गादीचे संस्थापक पहिले रघूजी भोसले यांच्या नावाची तलवार एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून महाराष्ट्र शासनाने विकत घेतली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. ज्या रघूजींनी चांद्याचे गोंड राज्य संपुष्टात आणले, तेच हे रघूजी. तलवार आली तेव्हा मिरवणूक निघाली, भाषणे झाली, आणि ते स्वाभाविकही होते. परंतु ती तलवार आहे कशी? तिच्यावर देवनागरीत रघूजींचे नाव आहे आणि तिला 'फिरंग' म्हटले आहे. फिरंग म्हणजे युरोपी पाते बसवलेली तलवार. पाते परदेशचे, मूठ इकडची, नाव मराठी. अठराव्या शतकातल्या मराठा सेनापतीने उत्तम पाते कोठले याचा विचार केला आणि ते आपल्या हाताला रुळेल अशा मुठीत बसवले. सुटे भाग मागवून तलवार जुळवणारा आजचा विद्यार्थी पद्धतीच्या दृष्टीने त्यांच्यापासून फार दूर नाही. शुद्ध देशी, अखंड, निर्भेळ तलवारीचे जे चित्र आपण मनात बाळगतो, ते खुद्द त्या तलवारीलाच मान्य नाही.

आमच्याकडच्या गोंड घराण्यांच्या दृष्टीने तर या तलवारीचा आणखी एक अर्थ आहे. बल्लारपूरचा किल्ला, चंद्रपूरचा परकोट, राणी हिराईने बांधवलेली बीरशहाची समाधी यांच्या सावलीत राहणाऱ्या माणसाला ही तलवार केवळ विजयाची खूण वाटणार नाही. भिंतीवर तलवार लावताना ती कोणत्या बाजूने पाहिली जाणार आहे, हा प्रश्नही निवडीचाच भाग आहे.

वाघनखांचेही तसेच झाले. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखे जुलै २०२४ मध्ये साताऱ्यात प्रदर्शनासाठी आली. ती शिवछत्रपतींनीच वापरली होती याची खात्री करता आलेली नाही, असे ते संग्रहालयच सांगत होते. इतिहास-अभ्यासकांनीही शंका मांडल्या. परंतु शंका मांडणे म्हणजे अनादर, असा एक समज आपल्याकडे घट्ट आहे. वस्तूबद्दलचे प्रेम आणि वस्तूबद्दलची चौकशी ही एकमेकांची वैरी आहेत, हे आपण केव्हा ठरवले? विज्ञानपटाचा चाहता आपल्या लाडक्या मुठीच्या एकेका खिळ्याची चौकशी करतो. त्याचे प्रेम त्याने आटत नाही.

मराठीचा अध्यापक म्हणून हा मुद्दा आम्हांला वर्गात रोज भेटतो. ऐतिहासिक कादंबरी ही इतिहासाची प्रतिकृती असते. कधी फार देखणी, भिंतीवर शोभणारी. विद्यार्थी तिच्यातला संवाद इतिहास म्हणून उत्तरपत्रिकेत लिहितात. यात कादंबरीचा दोष नाही. भिंतीवरची तलवार हातात घेऊन फिरवली की काय होते, हे शस्त्र विकणारेही सांगतील. शोभेच्या स्वस्त तलवारीचे पाते मुठीत पुरते शिरलेले नसते; एका बारीक सळईने ते मुठीला जोडलेले असते. घाव घालताच ते निखळते आणि भलत्यालाच लागते. शोभेच्या इतिहासाने वाद लढवले जातात, तेव्हाही हेच घडते.

जयंत नारळीकरांनी 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत पानिपतच्या लढाईचा निकालच फिरवला. ती वाचून कोणी मराठे पानिपत जिंकले असे मानत नाही. उलट इतिहास असा का घडला, याचे कुतूहल वाढते. विज्ञानकथा आपण कल्पित आहोत हे उघड सांगते, म्हणून तिच्यात विचाराला जागा राहते. मराठी विज्ञानकथेत प्रकाशाची तलवार जवळजवळ नाही, याची खंत कोणाला वाटत असेल. आम्हांला वाटत नाही. तिथे शस्त्राचे काम बहुधा तर्काने केले आहे.

येथे एक आक्षेप येईल : परदेशी चित्रपटातल्या खेळण्याचे एवढे कौतुक कशाला, आपल्याकडे काय कमी होते? कमी नव्हतेच. फरी-गदगा हा आपला जुना खेळ. फरी म्हणजे ढाल. गदगा म्हणजे चामड्याने मढवलेली, तलवारीच्या जागी वापरायची काठी. सरावाची तलवार वेगळी आणि रणातली वेगळी, हा विवेक आपल्या आखाड्यांना पक्का ठाऊक होता. विदर्भात अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारख्या संस्थांनी देशी खेळांची परंपरा जपली. आणि ज्या जपानी समुराईपटांचा 'स्टार वॉर्स'वर प्रभाव आहे, त्या जपानात सरावाची तलवार बांबूच्या चार पट्ट्यांची असते. बांबू तर आमच्या दारात आहे. मेंढा-लेखाच्या ग्रामसभेने २०११ मध्ये आपल्या बांबूच्या वाहतुकीचे परवाने स्वतः देण्याचा अधिकार मिळवला. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबूचे संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. सरावाची उत्तम तलवार येथल्या कारागिराच्या हातून उतरू शकते. तिला प्रकाश नसेल, पण तोल असेल.

झाडीपट्टीचे नाटकवालेही हे जाणतात. वडशाच्या मंडळींनी रात्रभर चालणाऱ्या नाटकात तलवार आणली, तर ती शेवटच्या रांगेतून चमकली पाहिजे आणि समोरच्या नटाला लागता कामा नये. या दोन कसोट्यांवर ती निवडली जाते. प्रेक्षकाला ती खोटी आहे हे माहीत असते आणि तरी तो हळहळतो. कल्पिताचा खरेपणा याहून निराळा काय असतो?

या विवेकाचा अभाव महाग पडतो. २०२२ मध्ये औरंगाबाद, पिंपरी-चिंचवड येथे कुरिअरने आलेल्या तलवारींचे साठे पोलिसांनी पकडले. वाढदिवसाचा केक तलवारीने कापणाऱ्या पोरांच्या बातम्या तर नित्याच्या. धारदार तलवार शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कक्षेत येते, हे त्यांना गुन्हा दाखल झाल्यावर कळते. त्यांना तलवार भिंतीवर लावायची नव्हती आणि तिचा खेळही शिकायचा नव्हता. ती फक्त दाखवायची होती. भिंत आणि आखाडा यांच्यामधल्या या तिसऱ्या जागेत, म्हणजे रस्त्यावर, तलवार सर्वांत धोकादायक होते.

तेव्हा आपल्या मुलाने प्रकाशाची तलवार मागितली, तर पालकांनी हसू नये आणि रागावूही नये. त्याला विचारावे : भिंतीसाठी की हातासाठी? भिंतीसाठी असेल तर तिचे मूळ काय, ते त्याला शोधू द्यावे. हातासाठी असेल तर पाते बिनधारेचे, डोळ्यांना व डोक्याला संरक्षण आणि समोर नियम मानणारा सवंगडी, एवढे पाहावे. आणि मग हेच प्रश्न आपणही आपल्या घरातल्या, गावातल्या, पाठ्यपुस्तकातल्या तलवारींना विचारावेत.