समुद्रावर चालायला जाताय? आधी तिथी बघा, मग तळपाय

गेल्या मे महिन्यात एक काका दवाखान्यात आले. वय 64, मधुमेह 14 वर्षांचा. बोर्डीला दोन दिवस सहकुटुंब राहून आले होते. "डॉक्टर, दुखत काहीच नाही, पण ही म्हणाली दाखवून या." मोजा काढला तर तळव्याला दोन मोठे फोड, एक फुटलेला. दुपारी बाराला ते तापलेल्या वाळूत अनवाणी अर्धा तास चालले होते. चटके बसत होते, ते त्यांना कळलंच नाही. रात्री ओला मोजा काकूंना दिसला म्हणून बरं. जखम भरायला सहा आठवडे लागले.

त्यांना कुणीतरी मोबाइलवर पाठवलं होतं, "वाळूत अनवाणी चाला, साखर उतरते." चालल्यानं साखर उतरते हे खरंच. अनवाणी असण्याचा त्यात काही वाटा नाही. ज्यांना बरीच वर्षं मधुमेह आहे, त्यांनी समुद्रावर अनवाणी चालूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पाय पाण्यात घालायचे तरी मागे पट्टा असलेली सँडल हवी. साधी स्लीपर ओल्या वाळूत रुतते आणि निसटते.

पण म्हणून जाऊ नका असं मी म्हणणार नाही. डहाणू ते बोर्डी हा किनारा चालण्यासाठी फार चांगला आहे. सुरूची सावली आहे, उतार जवळजवळ नाही, ओहोटीनंतर वाळू ओली आणि घट्ट राहते. गुडघे कुरकुरणाऱ्यांनी त्याच ओल्या पट्ट्यावर चालावं. कोरड्या, भुसभुशीत वाळूत चालायला दुपटीहून जास्त ताकद लागते. एरवी कधी न चालणारा माणूस पहिल्याच दिवशी तिथे तासभर चालला, की दुसऱ्या दिवशी टाच आणि पोटऱ्या धरून बसतो. पहिल्या दिवशी वीस मिनिटं पुरेत.

खरी गंमत वेळेची आहे. आपण सगळे हॉटेलच्या नाश्त्याप्रमाणे फिरायला निघतो, समुद्र मात्र चंद्राप्रमाणे चालतो. कोकणातला जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमी म्हणजे आठाची पाऊणपट, सहा वाजता भरती. डहाणूकडे थोडी उशिरा धरा. म्हणजे अष्टमीच्या आसपास सकाळ-संध्याकाळ पाणी वर आणि वाळू मोकळी होते भर दुपारी. काका त्याच दिवसांत गेले होते. याउलट अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी बारा-एकच्या सुमारास, ओहोटी सकाळी सहा-सातला. चालायला याहून चांगली वेळ नाही.

या उधाणाच्या दिवसांत धोकाही आहे. खंभातच्या आखाताकडे जावं तसा भरती-ओहोटीतला फरक वाढत जातो आणि हा किनारा सपाट, त्यामुळे पाणी खूप आत जातं. द्वादशी-त्रयोदशीला ओहोटी दुपारी चारच्या सुमारास संपते. सहा-सातला, म्हणजे नेमकं सूर्यास्ताचे फोटो काढताना, पाणी सर्वांत वेगानं चढत असतं. सपाट किनाऱ्यावर ते आधी तुमच्या पाठीमागच्या खोलगट जागा भरतं. धावू न शकणारे आजी-आजोबा आणि मुलं बरोबर असतील तर पाणी चढायला लागताच मागे फिरा. रिसॉर्टवाल्यांनी स्वागतकक्षात जेवणाच्या यादीशेजारी भरतीच्या वेळांचा फळा लावावा, असं मला फार वाटतं. खडूचा खर्च तेवढा.

भरती असेल तेव्हा कोसबाडच्या टेकडीवर जा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीत सुरू केलेलं बालशिक्षणाचं काम पुढे याच टेकडीवर रुजलं. चढ बेताचा, आजूबाजूला चिकूच्या वाड्या. घोलवडचा चिकू समोर आला तर मधुमेहींनी एक छोटा खावा, तोही चालून आल्यावर. (टोपलीभर घरी नेलात तर पुढच्या तपासणीत मला कळतंच.) इन्सुलिन किंवा साखर बरीच उतरवणाऱ्या गोळ्या घेत असाल तर खिशात ग्लुकोजच्या गोळ्या किंवा साखर ठेवा. लांब चालल्यावर हातपाय थरथरले, घाम फुटला, तर आधी ती खा.

पाण्यात पाय उचलून टाकू नका, घासत चाला, म्हणजे वाळूत दडलेलं पाकट दूर पळतं. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय अर्धा ते दीड तास बुडवा आणि डॉक्टरांना दाखवा. पाण्याची ऊब मात्र दुसऱ्याच्या हातानं तपासा. मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेल्यांच्या जखमेत समुद्राचं पाणी गेलं आणि लाली पसरू लागली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, सुट्टी संपायची वाट पाहू नका.

आणि बॅग भरायच्या आधी एक करा. डोळे मिटून बसा. घरातल्या कुणाला तरी दोन्ही पायांच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला एकेक करून बोट हलकेच टेकवायला सांगा, एखाद-दोन सेकंद, न दाबता. सहापैकी दोन किंवा जास्त स्पर्श कळले नाहीत, तर सहलीआधी पाय दाखवायला या.